रुळांची पंगत

बालमित्रांनो, आज तुम्हांला एक कोडं घालते. ज्या गावांत रेल्वेचं एकही स्टेशन नाही, तिथल्या मुलांनी आपल्या भागाची रेल्वे बनवायची ठरवली, तर तिचे रूळ कुठून कुठे जातील?

"कुठूनही!" असं तुम्ही पटकन म्हणाल. आमच्या वर्गातल्या मुलांनीही हेच उत्तर दिलं होतं. पण कामाला हात घातल्यावर त्यांना कळलं, की 'कुठूनही' हेच उत्तर सर्वांत अवघड असतं.

मी जुन्नर तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. माझं माहेर शेजारच्या आंबेगाव तालुक्यातलं. या दोन्ही तालुक्यांत मिळून रेल्वेचं एकही स्टेशन नाही. आमची मुलं एस.टी. ओळखतात, उसाचा ट्रॅक्टर ओळखतात, टोमॅटोच्या क्रेटनी भरलेला टेंपो तर नुसत्या आवाजावरून ओळखतात. आगगाडी मात्र सहलीत बघायची, नाहीतर मुंबईच्या काकांकडे गेल्यावर.

असं का बरं झालं असेल? आपल्या देशातली पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली, हे तुम्ही पुस्तकात वाचलंच असेल. पुढे सह्याद्री चढायचा म्हणजे घाट हवा. रेल्वेने दोन घाट निवडले. पुण्याकडे येण्यासाठी बोरघाट आणि नाशिककडे जाण्यासाठी थळघाट. बोरघाटातून गाडी १८६३ मध्ये सुरू झाली, थळघाटातून १८६५ मध्ये. आमचा नाणेघाट आणि माळशेज घाट पडले बरोबर या दोन्हींच्या मधे! दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळात, नाणेघाटातून व्यापाऱ्यांचे तांडे चढत होते. जुन्नर तेव्हा मोठी बाजारपेठ होती. पण रूळ आले ते आमच्या दोन्ही बाजूंनी निघून गेले.

आता छोट्या रेल्वेची गोष्ट सांगते. आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने मुंबईहून एक खोका पाठवला. त्यात एक जुनं विजेवर चालणारं इंजिन, तीन डबे, रुळांचे तुकडे आणि वीज कमी-जास्त करायचं एक यंत्र होतं. खोका उघडला तेव्हा वर्गात जो गलका झाला, तो शेजारच्या वर्गाच्या बाई येऊन बघून गेल्या!

पण रूळ नुसते फरशीवर मांडले, गाडी दहा वेळा फिरवली, की मजा संपते. डोंगर हवा, नदी हवी, गाव हवं. आणि हे सगळं मांडायचं कुठे? आमच्या वर्गात सकाळी परिपाठ, दुपारी पोषण आहाराची पंगत. कायमची जागा अडवून चालणार नाही.

यावर जगभरातल्या हौशी लोकांनी एक युक्ती शोधून काढलेली आहे. सगळी रेल्वे एकसंध बनवायची नाही. सुट्या पेट्यांवर बनवायची. प्रत्येकाने आपल्या घरी एक पेटी करायची आणि जमल्यावर सगळ्या पेट्या एकमेकींना जोडून एक लांब मार्ग करायचा. अमेरिकेत १९७० च्या दशकात 'एनट्रॅक' नावाने अशा पेट्यांची मापं ठरवली गेली. युरोपातही अशीच मंडळी आहेत. कोणी दोनशे मैलांवरून पेटी घेऊन येतो, आयुष्यात कधी न भेटलेल्या माणसाच्या पेटीला ती जोडतो आणि गाडी एकीवरून दुसरीवर सुरळीत जाते! अशा पेटीला इंग्रजीत 'मॉड्यूल' म्हणतात. आमच्या मुलांनी तिला नाव दिलं 'पाट'. जेवायला बसायचा पाट असतो ना, तशीच ती दिसते. आणि पाट ओळीने मांडले की झाली पंगत!

माझी डी.एड.ची एक मैत्रीण आंबेगाव तालुक्यातल्या शाळेत आहे. आम्ही दोघींनी ठरवलं, तीन पाट तिच्या मुलांनी करायचे आणि तीन आमच्या. शेवटी सहा पाट जोडायचे.

आता बघा हं, दोन शाळांमध्ये वीस-बावीस किलोमीटरचं अंतर. मुलांनी एकमेकांना पाहिलेलंही नाही. मग रुळाला रूळ मिळणार कसा? त्यासाठी नियम हवेत. आम्ही फक्त पाच नियम केले.

पहिला, पाट १०० सेंटिमीटर लांब आणि ४५ सेंटिमीटर रुंद. दुसरा, दोन्ही कडांना रूळ पुढच्या बाजूपासून बरोबर १० सेंटिमीटरवर आणि कडेशी काटकोनात. तिसरा, कडेजवळचे १० सेंटिमीटर रूळ सरळच. चौथा, पाटाखालून दोन तारा, पुढच्या रुळाला लाल आणि मागच्या रुळाला काळी. पाचवा नियम जरा गमतीचा आहे. सगळ्या पाटांवर एकच महिना!

हा पाचवा नियम मुलींनी सुचवला. त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. एका पाटावर श्रावणातलं हिरवंगार गवत आणि शेजारच्या पाटावर वैशाखातली करपलेली जमीन असली, तर गाडी एका क्षणात दोन ऋतू ओलांडणार! बरीच चर्चा होऊन मार्गशीर्ष ठरला. ऊस उभा असतो, कांद्याची लागण चालू असते, डोंगरावरचं गवत पिवळं पडायला लागलेलं असतं. लाकडाच्या वखारीतून भुसा आणला, रंग कालवून वाळवला आणि दोन्ही शाळांना पुरेल एवढा एकाच घमेल्यात तयार केला.

कडांसाठी पाच नियम, आणि मधे? मधे काहीही! तिथे ज्याचा त्याने मालक व्हायचं.

गावातल्या सुतारकाकांनी प्लायच्या सहा चौकटी करून दिल्या. प्रत्येक कोपऱ्याला गुण्या लावून बघितला. कडेच्या भोकांसाठी त्यांनी पत्र्याचा एक साचा कापला आणि सहाही चौकटींना त्याच साच्यातून भोकं पाडली. "मापं सहा वेळा घेतली तर सहा चुका होतात, साचा एकदाच करायचा," असं ते म्हणाले. मुलांनी हे वहीत लिहून घेतलं.

मग आला गणिताचा तास. खोक्यातली गाडी एचओ मापाची होती. म्हणजे खऱ्या गाडीच्या ८७ पट लहान. मुलांनी फळ्यावर भागाकार सुरू केले. मोठा माणूस १६० सेंटिमीटरचा, तर पाटावर जेमतेम १८ मिलिमीटरचा. तीन मीटर उंच ऊस साधारण साडेतीन सेंटिमीटरचा. एक किलोमीटर म्हणजे साडेअकरा मीटर! आमची सहा पाटांची पंगत सहा मीटरची. म्हणजे खऱ्या जगातला जेमतेम अर्धा किलोमीटर. त्यात दोन तालुके बसवायचे!

एका मुलाने आणखी एक गोष्ट पकडली. या मापात रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर असतं. त्याला ८७ ने गुणलं तर १४३५ मिलिमीटर येतात. पण आपल्या ब्रॉडगेजचं अंतर आहे १६७६ मिलिमीटर! "बाई, हे रूळ आपले नाहीतच!" तो म्हणाला. खरंच होतं. १४३५ हे परदेशातलं प्रचलित माप. आपल्या ब्रॉडगेजसाठी रूळ सव्वाएकोणीस मिलिमीटरवर हवे होते. मी त्याला सांगितलं, "रूळ परक्यांचे असू देत, माती आपली घालू."

मातीसाठी चहाचा चोथा वाळवून चाळला. झाडांसाठी वाळलेल्या घोसाळ्याची जाळी कातरली आणि हिरव्या रंगात बुडवली. डोंगराला थर्माकोल घ्यावा असं काही जणांना वाटत होतं. पण आपल्या राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर २०१८ पासून बंदी आहे. तेव्हा दुकानातून रिकामी खोकी आणली आणि पुठ्ठे कापून एकावर एक चिकटवले. आणि काय गंमत! डोंगर हुबेहूब सह्याद्रीसारखा दिसायला लागला. कारण सह्याद्रीही थरांचाच आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वाहत आला, थिजला, त्यावर पुन्हा आला, पुन्हा थिजला. म्हणून आपल्या डोंगरांना पायऱ्या दिसतात. पुठ्ठ्यांनी तोच धडा बोटांना शिकवला.

आता एकेका पाटाकडे या.

पहिला पाट मंचरच्या बाजाराचा. कांद्याच्या गोण्या, वजनकाटा, टेंपो. गोण्या कशाच्या? जुन्या सुती कापडाच्या पुरचुंड्या, आत मोहरीचे दाणे!

दुसरा पाट पाण्याचा. आंबेगाव तालुक्याला ज्या गावाचं नाव आहे, ते मूळ आंबेगाव घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं, हे तुम्हांला ठाऊक आहे का? तालुक्याची कचेरी घोडेगावात आहे, नाव मात्र बुडालेल्या गावाचं राहिलं. त्या शाळेतल्या एका मुलीची आजी तिथलीच. पाट करताना सगळे निळा रंग फासायला निघाले, तर ती म्हणाली, "थांबा, आधी घरं काढायची." तिने आजीला विचारून फळीवर गल्ली काढली, देऊळ काढलं, पार काढला. त्यावर हिरवट निळा पातळ रंग दिला आणि वर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद ताणून बसवला. उभं राहून बघितलं तर नुसतं पाणी. वाकून बघितलं तर खाली गाव! तिची आजी शाळेत आली, पाटाजवळ खाली बसली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग बोटाने दाखवून म्हणाली, "पार जरा अलीकडं होता गं." दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिक काढून मुलीने पार अलीकडे आणला.

तिसऱ्या पाटावर खरा पेच पडला. पुणे-नाशिक रेल्वेबद्दल तुम्ही घरात ऐकलं असेल. ताशी २०० किलोमीटर वेगाने धावणारी, सुमारे २३५ किलोमीटर लांबीची ही रेल्वे आंबेगाव आणि जुन्नरमधून न्यायची, असा आराखडा महारेल कंपनीने केला होता. रेल्वे हवी असं सगळेच म्हणतात. पण रूळ हवेतून जात नाहीत, कोणाच्या तरी शेतातून जातात. तिसऱ्या पाटाच्या गटात एक मुलगा होता. त्याच्या घरी कित्येक दिवस हीच बोलणी चालली होती. त्याने पाटावर आपलं शेत केलं, कांद्याचे वाफे केले आणि आजोबांनी खणलेली विहीर केली. नेमकी रुळांच्या रेषेवर! गटातली मुलं म्हणाली, विहीर हलव. तो म्हणाला, "विहीर कशी हलंल? पाणी तिथंच लागलंय."

वाद माझ्या मैत्रिणीकडे गेला. तिने निकाल दिला नाही. नियमांचा कागद समोर ठेवला आणि म्हणाली, "वाचा." मुलांनी वाचला. रूळ कडेला कुठे हवेत ते त्यात होतं. मधे कुठून जावेत ते कुठेच लिहिलेलं नव्हतं! मग काय, खोक्यातला लवचीक रूळ काढला आणि विहिरीला वळसा घालून आठ सेंटिमीटर मागून नेला. कडेला पुन्हा आपल्या जागेवर आणला. विहीर राहिली, रूळही गेले.

पण मैत्रीण शिक्षिका पडली! तिने मुलांना वळणाची त्रिज्या काढायला लावली. आली सुमारे अर्धा मीटर. खऱ्या मापात सुमारे ४५ मीटर. आपल्या ब्रॉडगेजवर सर्वांत तीव्र वळण १७५ मीटर त्रिज्येचं चालतं, म्हणजे हे त्याहूनही कितीतरी तीव्र वळण झालं. दोनशेच्या वेगाने धावणाऱ्या गाडीला तर दोन किलोमीटरच्या आसपास त्रिज्या लागते. म्हणून खऱ्या आराखड्यात प्रत्येक विहिरीला वळसा घालणं जमत नाही. मुलगा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आमच्या पाटावर गाडी हळूच चालवायची, बाई." सगळ्यांनी ते मान्य केलं. खऱ्या रेल्वेत हा प्रश्न इतक्या सोप्या रीतीने सुटत नाही, हे त्या मुलांना आता ठाऊक आहे. आणि ते ठाऊक असणं मला विहिरीइतकंच मोलाचं वाटतं.

चौथा पाट आमच्या शाळेचा. त्यावर ऊस. आणि ऊस म्हटला की बिबट्या आलाच! जुन्नर भागात बिबटे उसात राहतात, उसातच पिलं घालतात. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्रही आहे. एका मुलाने शाडूचा बिबट्या केला, खांद्यापाशी आठ मिलिमीटर उंच. पण गटातल्या एका मुलीने तो ठेवू दिला नाही. तिच्या वस्तीवरची शेळी बिबट्याने नेली होती. "मला तो रोज बघायचा नाही," ती म्हणाली. मुलं हसली नाहीत, हे मला फार बरं वाटलं. शेवटी बिबट्या उसात असा ठेवला, की मुद्दाम डोकावल्याशिवाय दिसू नये. आणि त्या मुलीने वस्तीवर शेळ्यांसाठी चारी बाजूंनी बंद गोठा केला, दारात बॅटरीवरचा इवलासा दिवा लावला. वनखात्याचे लोक गावात येऊन हेच सांगतात ना? शेळ्या बंद गोठ्यात ठेवा, अंधारात एकटं फिरू नका, दिवा जवळ ठेवा.

पाचवा पाट नारायणगावचा. पुढे टोमॅटोचे क्रेट, मागे खोडद. खोडदला जीएमआरटी ही प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. तिच्या ३० तबकड्या आहेत आणि प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर! ८७ ने भागलं तर ५२ सेंटिमीटर. पाटाच्या रुंदीपेक्षा मोठी! मग मुलांनी तबकडी मागच्या पडद्यावर लहान रंगवली. लांबची वस्तू लहान दिसते, हाच तो नियम.

लांब ठेवायला आणखी एक कारण होतं. ही दुर्बीण अवकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओ लहरी ऐकते. विजेच्या गाडीच्या ठिणग्यांतूनही रेडिओ लहरी निघतात. वर्गात ढोल वाजत असताना टाचणी पडल्याचा आवाज ऐकू येईल का? तसंच हे. म्हणूनच पुणे-नाशिक रेल्वेच्या मूळ मार्गाला अडचण आली आणि २०२५ मध्ये तो बदलून अहिल्यानगर-शिर्डीकडून नेण्याचं सरकारकडून सांगण्यात आलं. आमच्या भागातल्या लोकांनी मूळ मार्गाचीच मागणी लावून धरली. मुलांनी मला विचारलं, "बाई, दुर्बीण महत्त्वाची की गाडी?" मी म्हटलं, "दोन्ही. म्हणून तर शहाणी माणसं लागतात." तुम्हांला काय वाटतं? आई-बाबांशी बोलून बघा.

सहावा पाट शिवनेरीचा. गड पायथ्यापासून सुमारे तीनशे मीटर उंच. मापात केला तर साडेतीन मीटरचा होईल, वर्गाचं छप्पर फोडून वर जाईल! म्हणून समोरची झाडं मापात, मधली टेकडी जरा लहान आणि गड त्याहून लहान, फिकट निळसर रंगाचा. दोन पावलं मागे सरून बघितलं की गड खरोखर लांब आणि उंच वाटतो.

जोडणीच्या दिवशी आंबेगावची मुलं टेंपोतून आपले तीन पाट घेऊन आली. बाकं ओळीने लावली, पाट मांडले. रूळ रुळाला भिडले, पण फरशी उंचसखल असल्याने तिसरा आणि चौथा पाट तीन मिलिमीटरने खाली-वर झाले. सुतारकाकांनी पायांना बसवलेले बोल्ट फिरवून पाणसळीने पातळी जुळवली. कळ दाबली, तर गाडी हलेना! मुलांनी एकेक पाट सुटा करून तपासला. पाचव्या पाटाखाली लाल आणि काळी तार उलट जोडली होती. ती बदलली आणि गाडी निघाली. मंचरहून निघाली, बुडालेल्या गावाच्या कडेने गेली, विहिरीपाशी हळू झाली, उसातून गेली आणि शिवनेरीच्या पायथ्याशी थांबली. सहा मीटरचा प्रवास! तोपर्यंत एकमेकांकडे चोरून बघणारी दोन शाळांची मुलं मग एकाच पंगतीत जेवायला बसली.

बालमित्रांनो, पुण्याला गेलात तर कोथरूडमधलं जोशी यांचं लघुरेल्वे संग्रहालय जरूर बघा. भाऊ जोशी यांनी आयुष्यभराच्या हौसेतून ते उभं केलं आणि १९९८ पासून ते लोकांसाठी खुलं झालं. तिथे सगळं शहरच छोटं करून मांडलंय. मात्र ते बघून "आपल्याला एवढं कुठलं जमणार?" असं म्हणू नका. इंजिन नसलं तरी चालेल. पुठ्ठ्याचे रूळ आणि काड्यापेटीचे डबे घेऊनही पाट करता येतो. पालकांनो, तुम्ही फक्त कापायची सुरी आपल्या हातात ठेवा, बाकी मुलांना करू द्या.

आधी कागदावर आराखडा काढा. तुमच्या गावातली कोणती गोष्ट राहायलाच हवी, ते घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला विचारा. मग कडा मापून घ्या. १०० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद, रूळ पुढच्या बाजूपासून १० सेंटिमीटरवर आणि महिना मार्गशीर्ष. आमच्या सहाव्या पाटाची उजवी कड मोकळीच आहे. सातवा पाट कोण लावणार?